छळ सोसलेला माणूस सत्तेशी अदबीने का वागतो?

प्रश्न : बायबलातली दानीएलाची गोष्ट वाचली. राजाच्या हुकमावरून त्याला सिंहांच्या गुहेत टाकतात, तो रात्रभर वाचतो आणि सकाळी त्याच राजाला आदराने दीर्घायुष्य चिंततो. मला हे पटले नाही. ज्याने मरायला टाकले त्याच्याविषयी असा आदर खरा असू शकतो का? की त्याला भीतीच म्हणायचे? आपल्या भंडारा जिल्ह्यात असा कोणी माणूस होऊन गेला आहे का?
– एक वाचक, लाखांदूर

उत्तर : शंका रास्त आहे. पण गोष्ट पुन्हा एकदा सावकाश वाचा. दानीएल वाटतो तेवढा गरीब नाही.

राजा दारयावेशाने फर्मान काढले होते की तीस दिवस राजाखेरीज कोणाही देवाची वा माणसाची प्रार्थना करायची नाही. फर्मानावर सही झाल्याचे कळल्यावर दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेच्या दिशेच्या उघड्या खिडक्यांपुढे गुडघे टेकून, रोजच्यासारखी दिवसातून तीनदा प्रार्थना करत राहिला. खिडक्या लावून घेता आल्या असत्या. त्याने त्या लावल्या नाहीत. सकाळी राजाने गुहेच्या तोंडाशी येऊन हाक मारली तेव्हा आतून त्याने राजाला दीर्घायुष्य चिंतले, हे खरे. पण त्याच दमात त्याने असेही सांगितले की मी देवापुढे निर्दोष ठरलो आहे आणि महाराज, तुमचाही मी काही अपराध केलेला नाही. भाषा दरबारी होती, पण निकाल चुकला हे त्याने राजाला राजाच्या तोंडावर सांगितले होते. भ्यालेला माणूस आधी गुहेतून बाहेर काढून घेईल आणि मग बोलेल.

गोष्टीचा शेवट लहान मुलांच्या पुस्तकांतून बहुधा गाळतात. राजाने दानीएलावर आळ घेणाऱ्यांना त्याच गुहेत टाकले, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या बायकामुलांनाही. दानीएलाला न्याय मिळायला एक रात्र लागली. हे लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम पडेल.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नाव तुम्हाला ठाऊक आहे, फक्त या प्रश्नाच्या संदर्भात ते आठवले नसेल. भैयालाल भोतमांगे, खैरलांजी, तालुका मोहाडी.

खैरलांजी म्हटले की आपल्या मनात 29 सप्टेंबर 2006 ची संध्याकाळ येते आणि विचार तिथेच थांबतो. त्या संध्याकाळी काय झाले याचे वर्णन मी इथे करणार नाही. ते पुष्कळांनी केले आहे, आणि कित्येकदा गरजेपेक्षा जास्त. भैयालालांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन हे दोन मुलगे, असे घरातले चौघे जमावाने ठार मारले. भैयालाल तेवढे जमावाच्या हाती लागले नाहीत. तुमच्या प्रश्नासाठी मात्र त्या संध्याकाळच्या आधीचे आणि नंतरचे पाहायला हवे.

भोतमांगे कुटुंब 1989 च्या सुमारास या गावात राहायला आले. जमीन सुमारे पाच एकर. गावात दलित घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या शेतातून रस्ता काढण्यावरून वाद होता. धुऱ्याचा, पांदणीचा, पाण्याचा वाद आपल्याकडे कोणत्या गावात नसतो? पण धानाच्या बांधीवरून दोन बरोबरीच्या शेतकऱ्यांचे भांडण होणे वेगळे, आणि गावात ज्याच्या बाजूने उभे राहायला कोणी नाही त्याच्या जमिनीतून वाट काढणे वेगळे. सुरेखाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या तक्रार करत, कागद करत. मुलांना त्यांनी शिकवले होते. प्रियंका बारावीत होती.

3 सप्टेंबर 2006 रोजी शेजारच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. ते या कुटुंबाच्या जवळचे होते. या प्रकरणात सुरेखाबाई आणि प्रियंका यांनी पोलिसांपुढे साक्ष दिली, मारणाऱ्यांना ओळखले. आरोपींना अटक झाली. 29 सप्टेंबरला त्यांना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी ते भोतमांग्यांच्या दारात आले.

म्हणजे हे कुटुंब कायद्याच्या वाटेने गेले म्हणून संपले. मायलेकींनी गावातल्या कोणावर हात उगारला नव्हता. आंधळगाव ठाण्यात जाऊन, पाहिले ते सांगितले होते. राज्याने नागरिकाकडून जी अपेक्षा करावी नेमकी तीच त्यांनी पुरी केली होती. आणि राज्याकडून त्यांना जे मिळायला हवे होते, म्हणजे साक्षीदाराला संरक्षण, ते मिळाले नाही. ठाण्याला खबर गेली, पण वेळेत कोणी पोहोचले नाही.

ज्याचे घर साक्ष दिली म्हणून गेले, तो माणूस यानंतर काय करील? गाव सोडून तोंड मिटून बसेल, हे पहिले उत्तर. हाती कोयता घेईल, हे दुसरे. भैयालालांनी यातले काहीच केले नाही. त्यांनी फिर्याद दिली आणि पुढे न्यायालयात उभे राहून पुन्हा साक्षच दिली. घरातल्या बायकांनी जे केले होते तेच.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथे आहे. पण इतक्यावर सोडले तर ते फार गुळगुळीत होईल, कारण ज्या सत्तेवर त्यांनी विश्वास टाकला तिचे वागणे कसे होते हेही सांगायला हवे.

पहिले काही आठवडे ही घटना गावातले भांडण म्हणूनच बाहेर गेली. शवविच्छेदन इतके निष्काळजीपणे झाले की ते पुन्हा करावे लागले. त्या वर्षी दसरा 2 ऑक्टोबरला होता, आणि धम्मदीक्षेला पन्नास वर्षे पुरी होत असल्याने दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी लोटली होती. नागपूरपासून फार दूर नसलेल्या एका गावात तीन दिवसांपूर्वी काय घडले हे त्या गर्दीतल्या बहुतेकांना माहीत नव्हते. बातमी पसरल्यावर नोव्हेंबरात नागपूर, भंडारा, अमरावती पेटून उठले. लाठीमार झाला, अटका झाल्या. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका बोलून दाखवली. मुलाबाळांच्या हत्येचा जाब विचारणाऱ्यांना सत्तेकडून मिळालेले हे उत्तर होते. आंदोलनाचा रेटा वाढल्यावर काही पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला आणि डिसेंबर 2006 मध्ये 11 जणांवर आरोपपत्र दाखल झाले.

खटला भंडाऱ्यातच चालला. सरकारच्या बाजूने उज्ज्वल निकम होते. गावातल्याच काही जणांनी पाहिले ते न्यायालयात सांगितले. गावात राहून असे सांगणे किती अवघड असते हे खेड्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. खैरलांजीवर लिहिणारे या साक्षीदारांविषयी दोन ओळींपलीकडे फारसे लिहीत नाहीत. लिहायला हवे. 15 सप्टेंबर 2008 रोजी 8 जण दोषी ठरले, 3 सुटले. 24 सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली गेली. मात्र अॅट्रॉसिटी कायद्याचा आरोप टिकला नाही, विनयभंगाचा टिकला नाही, कटाचाही नाही. 14 जुलै 2010 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून त्यांना 25 वर्षांचा कारावास दिला. हत्या सुडातून झाल्या, जातीच्या कारणावरून नव्हे, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

भैयालालांना भंडाऱ्यात सरकारी वसतिगृहात चतुर्थ श्रेणीची नोकरी मिळाली, पोलीस संरक्षणही मिळाले. जे पोलीस त्या संध्याकाळी आले नाहीत, त्यांच्याच खात्याचा शिपाई आता त्यांच्या सोबत असे. गावी परत राहायला ते गेले नाहीत. पेशीला जायचे, सभांना जायचे, कोणी माइक पुढे केला की तेच पुन्हा सांगायचे. चार माणसे गेल्याची गोष्ट वर्षानुवर्षे परक्यांना सांगत राहणे हाही एक छळच आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या निकालाची वाट पाहत असतानाच 20 जानेवारी 2017 रोजी नागपुरात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

आता तुमचा मधला प्रश्न: हा आदर खरा, की भीती?

भैयालालांची श्रद्धा मवाळ नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. त्यांनी कोणाला माफ केले नाही. फाशी रद्द झाल्यावर त्यांनी उघडपणे नाराजी व्यक्त केली, आरोपींना फाशीच हवी असे ते सांगत राहिले. मोर्चांत ते चालले. मंत्र्यांना निवेदने दिली. शांत श्रद्धा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हात जोडून बसलेला, सगळे दैवावर सोडलेला माणूस येतो. तसे इथे काही नव्हते. ते शांत होते एवढ्याच अर्थाने की ज्या दाराने न्याय मागायचा ते दार त्यांनी बदलले नाही.

आणि भीती? ज्याच्याकडून घेण्यासारखे काही उरलेले नाही त्याला कशाची भीती?

एक शक्यता मात्र नाकारता येत नाही. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय तरी कोणता होता? गरीब माणसाचा न्यायावरचा विश्वास पुष्कळदा निवडीतून आलेला नसतो, दुसरी वाटच नसते म्हणून तो असतो. म्हणूनच भैयालालांच्या संयमाची तारीफ करताना मला अवघडल्यासारखे होते. अशी तारीफ करणाऱ्यांपैकी बहुतेकांवर दहा वर्षे पेशीची वाट पाहण्याची वेळ आलेली नसते. सत्तेला तर सोसणाऱ्याचा संयम फारच आवडतो. तो स्वस्त पडतो.

तरीही तो निव्वळ नाइलाज होता असे मी म्हणणार नाही, कारण विदर्भातल्या बौद्ध घरांत या विश्वासामागे एक जुनी शिकवण आहे. ती समजण्यासाठी थोडे मागे, महाडला जावे लागते.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेनेच 1924 मध्ये केला होता. पाणी पिऊन लोक परतत असताना वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जेवायला बसलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. बाबासाहेबांभोवती जमलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले तगडे गडीही होते. बाबासाहेबांनी फक्त मान हलवली असती तर महाडात रक्त वाहिले असते. त्यांनी लोकांना आवरले आणि प्रकरण पोलीस आणि न्यायालयाकडे नेले.

डिसेंबरातली गोष्ट तर तुमच्या प्रश्नाला आणखी जवळची आहे. सत्याग्रहासाठी लोक पुन्हा महाडला जमले होते. पण काही सवर्ण मंडळींनी तळे खासगी असल्याचा दावा दाखल करून 14 डिसेंबरला न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. प्रतिज्ञा करून आलेले हजारो लोक समोर बसलेले आणि तळे हाकेच्या अंतरावर. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही म्हणून. आणि त्याच परिषदेत, 25 डिसेंबरला, मनुस्मृती जाळली.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. मनुस्मृतीचा अधिकार त्यांनी भर परिषदेत जाळून नाकारला. दिवाणी न्यायालयाचा अधिकार, हुकूम विरुद्ध गेलेला असतानाही, मानला. कारण पहिल्यापुढे त्यांना कैफियत मांडायची सोयच नव्हती आणि दुसऱ्यापुढे होती. तो दावा दहा वर्षे चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दानीएलाने खिडक्या उघड्या ठेवल्या आणि राजाला मुजराही केला, त्यातही असाच काही भेद असावा.

पुढे 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी हे तत्त्व म्हणून मांडले. सनदशीर मार्ग उपलब्ध झाले आहेत, तेव्हा रक्तपाताचे आणि कायदेभंगाचे मार्ग आता सोडले पाहिजेत, असा त्याचा आशय. पण त्याच भाषणात दुसरा भाग आहे आणि तो सोडून पहिलाच सांगण्याची आपल्या पुढाऱ्यांना फार सवय आहे. 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात आपण समान असू आणि समाजात विषम, ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमता सोसणारे हा डोलारा उडवून देतील, असेही त्यांनी बजावले होते. विश्वास ठेवा, असे सांगणारा माणूस विश्वासाची मुदतही सांगत होता.

जाता जाता, भंडाऱ्याच्या मतदारांना या माणसाला लोकसभेत पाठवायची संधी मिळाली होती. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते. ते हरले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, त्यातल्याच मतपेटीने त्यांना दोनदा नाकारले, 1952 मध्ये मुंबईत आणि नंतर इथे. त्यांनी दोन्ही कौल मानले. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात ही नोंद जरा संकोचाने लिहिली जाते, आणि तो संकोच योग्यच आहे.

तेव्हा लाखांदूरच्या वाचकांना माझे उत्तर असे. तो आदर खरा असतो, पण तो माणसासाठी नसतो. तो खुर्चीसाठी असतो आणि त्यात एक मागणी असते: या खुर्चीचे काम करून दाखवा. भैयालाल न्यायालयापुढे हात जोडून उभे राहिले तेव्हा ते न्यायालयाला त्याच्या कामाची आठवण देत होते. दानीएलाच्या राजासारखा न्याय त्यांना एका रात्रीत मिळाला असता, तर त्यात आरोपींची बायकापोरेही गेली असती. तसला न्याय भंडाऱ्याच्या न्यायालयाने दिला नाही, हे आपले नशीब. पण दहा वर्षे वाट पाहून माणूसच निघून जावा, याला मी न्याय म्हणायला तयार नाही.

प्रश्न : चौघांची हत्या होऊनही खैरलांजीत अॅट्रॉसिटीचा कायदा कसा लागू झाला नाही? आणि त्यानंतर काही बदलले का?
– एक वाचक, मोहाडी

उत्तर : हा प्रश्न आधीच्या पत्रासोबतच आला, म्हणून सोबतच घेतो.

1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातले कलम 3(2)(5) असे होते: दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा, पीडित अनुसूचित जातीचा वा जमातीचा आहे *या कारणावरून* केला असेल तर जन्मठेप. सारा घोळ ‘या कारणावरून’ या शब्दांत होता. जात हेच कारण होते हे सिद्ध कसे करायचे? मारणारा काही तसे लिहून देत नाही. साक्ष दिल्याचा राग, रस्त्याचा वाद, जुने वैर, काहीतरी कारण असतेच. आरोपीचा वकील ते दाखवतो आणि जातीचा मुद्दा गळून पडतो. खैरलांजीत तेच झाले. सुडातून हत्या, म्हणून जातीतून नाही. पण गावातल्या एखाद्या सधन सवर्ण घराने हीच साक्ष दिली असती, तर हाच सूड अशाच रीतीने घेतला गेला असता का? जमावाला ही हिंमत कशातून आली? तेव्हाच्या कायद्यात या प्रश्नाला जागा नव्हती.

आता आहे. 2015 च्या दुरुस्तीने, जी 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली, हे शब्द बदलले गेले. पीडित अनुसूचित जातीचा वा जमातीचा आहे हे आरोपीला *माहीत असणे* आता पुरेसे आहे. गावात कोण कोणत्या जातीचे हे कोणाला माहीत नसते? खैरलांजी या बदलाच्या कारणांपैकी एक होते असे मला वाटते, पण भैयालालांच्या प्रकरणाला त्याचा उपयोग नव्हता. फौजदारी कायदा मागे जाऊन शिक्षा वाढवत नाही.

त्याच दुरुस्तीत 15अ हे कलम आले. पीडित, त्याचे कुटुंबीय आणि साक्षीदार यांना संरक्षण देणे आता राज्याचे कर्तव्य आहे. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची पीडिताला आगाऊ सूचना द्यावी लागते आणि तिथे त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. सुरेखाबाई आणि प्रियंका यांना 29 सप्टेंबरच्या जामिनाची अशी सूचना मिळाली असती आणि दारात एक पोलीस उभा असता, तर? अशा ‘तर’ला अर्थ नसतो हे मान्य. पण ही तरतूद वाचताना तो मनात येतोच.

आणखी एका कलमाकडे लक्ष द्या, कारण ते आधीच्या वाचकांच्या शंकेलाही लागू पडते. कलम 4 सरकारी नोकरासाठी आहे. तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल आणि त्याने या कायद्याखालचे कर्तव्य जाणूनबुजून टाळले, तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. 2015 नंतर ही कर्तव्ये कलमातच मोजून दिली आहेत: तोंडी फिर्याद लिहून घेतली की सही घेण्याआधी फिर्यादीला वाचून दाखवायची, गुन्हा नोंदवायचा, प्रत लगेच द्यायची, जबाब घ्यायचे, साठ दिवसांत आरोपपत्र दाखल करायचे. साहेब चुकणार हे गृहीत धरूनच हा कायदा लिहिला आहे. सत्तेचा आदर करा असे सांगणारे राज्य स्वतःच कायद्यात कबूल करते की आपली माणसे आदराला पात्र वागतीलच असे नाही.

2018 मध्ये या कायद्याला धक्का बसला. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 20 मार्चला अटकेपूर्वी परवानगी आणि प्राथमिक चौकशी यांच्या अटी घातल्या. देशभर आंदोलन झाले, संसदेने त्याच वर्षी 18अ कलम घालून त्या अटी दूर केल्या आणि पुढे 2019 मध्ये न्यायालयानेही आपले ते निर्देश मागे घेतले. रस्त्यावर, संसदेत आणि न्यायालयात, तिन्ही ठिकाणी एकच भांडण चालले आणि तिन्ही ठिकाणी ऐकले गेले. असे क्वचित घडते.

कायदा बदलला म्हणून ठाण्यातला माणूस बदलतोच असे नाही. म्हणून एवढे लक्षात ठेवा. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या बाबतीत अशी वेळ आली तर फिर्याद लिहून झाल्यावर ‘वाचून दाखवा’ म्हणा आणि ऐकल्याशिवाय सही करू नका. गुन्ह्याची प्रत मागा, ती फुकट मिळते. ठाण्यात नोंद करत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. 14566 हा राष्ट्रीय मदत क्रमांक याच कामासाठी आहे, त्यावर फोन करा. आणि साक्षीला कोणी तयार झाले, तर त्याच्यासाठी 15अ खाली संरक्षणाचा अर्ज त्याच दिवशी द्या. जामिनाची तारीख येईपर्यंत थांबू नका.